मिठागरातलं पाणी

लँडस्केपमध्ये मी नापास झाले. बाकी सगळ्यात पास, फक्त बाहेर बसून समोरचं दिसतं ते काढायच्या विषयात नापास. आर्ट कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. सरांनी माझी वर्षभराची चित्रं टेबलावर पसरली आणि एकेका चित्रावर बोट ठेवून विचारायला लागले, "हे माड कुठे आहेत? हा मावळता सूर्य कुठल्या गावचा? वाशीच्या खाडीत हे असलं शिडाचं होडकं तू कधी पाहिलंस?" होडकं मी कॅलेंडरवर पाहिलं होतं. माडही तिथलेच.

"अगं, तू बाहेर बसतेस आणि आतलंच काढतेस," सर म्हणाले. "सुट्टीभर बाहेर बस. कॉलेज उघडलं की चित्रांचा संच घेऊन ये. जमलं असेल तर तिसऱ्या वर्षाला बसवतो. नाहीतर वर्ष गेलं समज."

वर्ष गेलं म्हणजे माझ्यापुरतं सगळंच गेलं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. सरकारी कचेरीत कारकून, मूळचे रत्नागिरीकडचे, बोलणं मोजकं आणि एकदा बोलले की बोलले. आर्ट कॉलेजला त्यांनी होकार दिला तोच नाखुशीने, आणि अट घातली होती की एका वर्षाला दोन वर्षं लावायची नाहीत. नापास झालीस तर टायपिंगचा क्लास, आणि मामाने सुचवलेलं स्थळ बघायचं. निकाल ऐकून ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी दिसलं, आणि त्याचा मला फार राग आला. मी मुळातच तापट.

"सरांनी सुट्टी दिलीय ना? मग सुट्टी संपेपर्यंत मी काही ऐकणार नाही," मी म्हटलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही पुलापलीकडे वाशीला नव्या वसाहतीत राहायला आलो होतो. बिल्डिंगा थोड्या आणि मोकळी जागाच जास्त. गच्चीवर उभं राहिलं की खाडी, चिखल, खारफुटी आणि लांब डोंगरात चाललेली दगडांची खाण. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तिकडे आहे काय काढायला? मलाही तसंच वाटायचं. म्हणून तर माड काढत होते.

बसने घणसोलीच्या रस्त्याला उतरून, गावातून पुढे चालत गेलं की मिठागरं लागायची. मी तीच जागा धरली. पण आईने हातच जोडले. "खाडीच्या अंगाला एकटी पोर दिवसभर बसणार? लोक काय म्हणतील ते सोड, पण काही झालं तर?" त्यावर अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मी जातो बरोबर. उद्या कुणी म्हणायला नको की बापानेच आडकाठी केली."

त्या वर्षी आम्ही कोकणात गेलो नाही. गावाला जायची रजा अण्णांनी माझ्या राखणीत घालवली.

राखणच ती. मी बांधावर बोर्ड मांडीवर घेऊन बसायची आणि अण्णा माझ्याकडे पाठ करून, रस्त्याच्या दिशेला तोंड करून. डोक्यावर छत्री, हातात पेपर. कोण येतं, कोण जातं, यावर लक्ष. मिठाच्या पाट्या वाहणारी एक बाई होती, तोंडाने फटकळ. ती येता-जाता विचारायची, "काका, तुमी पोरीची राखन करताव का मिठाची?" अण्णा उत्तर द्यायचे नाहीत. पण एकदा मी चोरून बघितलं, ते हसत होते.

पहिले कित्येक दिवस मला काहीच जमलं नाही. माड काढायचा नाही, होडी काढायची नाही, मग काढायचं काय? समोर सपाट जमीन, सपाट पाणी, पांढरे ढीग आणि पांढरंच ऊन. मी कागदामागून कागद फाडत होते. रडतही होते, उगाच नाकारत नाही. ऊन तर असं की ब्रश ठेवून वर बघेपर्यंत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळायचा. अण्णा न वळता म्हणायचे, "जमत नसेल तर घरी चल." त्या वाक्यामुळेच मी बसून राहायची.

मग एका सकाळी त्यांचा पेपर संपला. अक्षरशः जाहिरातींसकट वाचून संपला. ते वळून माझ्या दिशेला बसले आणि बराच वेळ समोर बघत राहिले. म्हणाले, "तू तो ढीग कोरा का सोडलास?"

"पांढरा आहे म्हणून."

"कुठे पांढरा? सावलीकडची बाजू निळी आहे चांगली."

मी बघितलं. खरंच निळी होती. इतके दिवस तिथे बसून मला दिसली नव्हती, कारण मीठ पांढरं असतं हे मला आधीच ठाऊक होतं. चिखलाचंही तसंच. चिखल काळा म्हणून मी काळा लावत होते, पण ओहोटी लागली की त्यावर आभाळ उतरायचं आणि चिखल आभाळाहून उजळ दिसायचा. सर वर्षभर ओरडत होते ते हेच. त्या दिवसापासून अण्णांनी राखण सोडली म्हणायला हरकत नाही. ते माझ्या शेजारी बसायचे. हिरवा जास्त झालाय, पलीकडचा बांध एवढा उंच नाही, असं काय काय बोलायचे. मी खेकसायची, "अण्णा, आता तुम्हीच काढा!" पण बघायची. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

आणि मग ते पाण्याचं झालं. घरून आम्ही पाण्याचा एक डबा न्यायचो, प्यायला आणि रंगालाही. त्या दिवशी डबा बांधावरून कलंडला. चित्र तर अर्धं झालेलं, प्रकाश सरकत चाललेला. मी वैतागून ब्रश फेकणार तेवढ्यात अण्णा उठले. धोतर वर खोचून शेजारच्या मिठाच्या वाफ्यात उतरले आणि माझा रंगाचा पेला भरून घेऊन आले. "घे. पाणी ते पाणी. प्यायचंय थोडंच?"

मी घेतलं. आणि काय सांगू, चित्र वाळलं तसं आभाळात बारीक बारीक कण फुटले. उन्हात घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांवर उमटतात तसे. कागद उन्हात धरला की चमकायचा. माझ्या हातून आजवर असं काही झालं नव्हतं. अण्णा तर हरखून गेले. "हे तू कसं केलंस?" मी म्हटलं, "तुमच्या पाण्याने केलं." ते एवढे लाजले की त्यांनी छत्रीच आडवी धरली.

त्यानंतर रंगासाठी घरचं पाणी न्यायचं आम्ही बंदच केलं. गेल्याबरोबर अण्णा वाफ्यात उतरायचे. जिथलं पाणी जास्त दाट तिथलं शोधून आणायचे, कारण त्याने जास्त चमकतं असा त्यांचा शोध. मे संपेपर्यंत संच झाला. अण्णांनी स्वतः कागदावर कागद रचले, दोन पुठ्ठ्यांत घालून कचेरीतल्या फायलीसारखी गाठ मारली आणि आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटावर ठेवला. "आता सरांसमोरच सोडायचा. मध्ये मध्ये बघायचं नाही, दृष्ट लागते." हे अण्णा म्हणाले, ज्यांनी आयुष्यात कधी दृष्ट मानली नव्हती.

कॉलेज उघडलं तेव्हा पावसाने चांगलाच जोर धरला होता. भिंतींना ओल आलेली, काड्यापेटीतली काडी ओढून ओढून पेटायची नाही. बसमध्ये एवढा मोठा गठ्ठा सांभाळायचा म्हणून अण्णांनी अर्धी रजा टाकली. मी नको म्हटलं नाही. खरं तर मला ते बरोबर हवेच होते. त्यांनी गठ्ठ्याला प्लास्टिक लावलं, छत्री त्याच्यावर धरली आणि स्वतः भिजत कॉलेजपर्यंत आले. वर्गाच्या दाराशी थांबले. "तू जा आत. मी इथेच आहे."

सरांनी गाठ सोडली. पहिला कागद उचलला तर त्याच्याबरोबर दुसराही आला. चिकटलेले. सरांनी हळूच सोडवायला घेतले तर आभाळाचा रंग खालच्या कागदाला लागून निघाला. तिसरा ओला, चौथा ओला. घामेजले होते सगळे, कडेने काळ्या बुरशीचे ठिपके. ज्या आभाळात कण चमकत होते तिथे आता पाणी सुटून ओघळ आले होते. मी नुसती बघत राहिले.

"पावसात भिजवलेस?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग हे काय आहे? कुठलं पाणी वापरलंस तू?"

त्या एका प्रश्नासरशी मला सगळं समजलं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. आम्ही दोघांनी महिनाभर कागदात मीठ भरलं आणि कपाटावर ठेवून दिलं. मी दाराकडे बघितलं. अण्णा मान पुढे करून, काय चाललंय ते कळायचा प्रयत्न करत होते. चष्म्यावर पाण्याचे थेंब तसेच.

"नळाचं," मी म्हटलं. "घरचंच पाणी, सर."

टायपिंग तर टायपिंग. स्थळ तर स्थळ. पण अण्णांच्या पाण्याने झालं हे मी परक्या माणसासमोर बोलणार नव्हते.

"मग नीट ठेवला नाहीस," सर म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "कामाची किंमत नसली की असं होतं. मी काय करू आता? काही दिसतच नाहीये यात."

तेवढ्यात अण्णा आत आले. न विचारता. कुणाच्या दालनात परवानगीशिवाय पाऊल न टाकणारा माणूस ओल्या चपलांनी थेट टेबलापाशी आला. त्यांनी वरच्या कागदावर बोट टेकवलं आणि ते बोट जिभेला लावलं. मग सरांना म्हणाले, "खारट आहे."

सरांना काही कळेना.

"सर, ही खोटं बोलतेय. पाणी मी आणलं. मिठागरातलं. रोज मीच उतरून आणत होतो. हिने चित्रं चांगली काढली होती, मी बघितलीत. समोर बसून बघितलीत." आणि त्यांनी हात जोडले. "नापास करायचं असेल तर मला करा, सर. हिला करू नका."

माझ्या अण्णांनी कधी कुणापुढे शब्द टाकला नव्हता. बढती हुकली तेव्हा साहेबाकडे गेले नाहीत, ब्लॉकसाठी कुणाच्या ओळखीला गेले नाहीत. आणि मी नापास व्हावं असं मनातून वाटणारे तेच अण्णा हात जोडून उभे होते. मला ते बघवेना. मी भिंतीकडे तोंड केलं आणि रडले.

सर एकेक कागद खिडकीशी नेऊन बघत होते. मग म्हणाले, "काका, बसा आधी." आणि मला म्हणाले, "यातली निम्मी चित्रं मिठाने काढलीयेत. तू नाही. चमकतंय म्हणून तू बघायचं सोडून दिलंस. बरं झालं पुसली गेली." हे लागलं मला, पण खरं होतं. "दिवाळीनंतर नवीन संच आण. तोपर्यंत तिसऱ्या वर्षात बस. आणि पाणी नळाचं."

पुढचं इथेच सांगून टाकते. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा आम्ही जात राहिलो. मीठ विरघळून गेलेलं, वाफे पाण्याने भरलेले, चमकण्यासारखं तिथे काहीच उरलं नव्हतं. करड्यात किती रंग असतात ते मी त्या पावसाळ्यात शिकले, आणि जे काही मला आज येतं त्याची सुरुवात तिथली आहे. दिवाळीनंतरचा संच पास झाला. सर म्हणाले, "आता ही वाशी आहे." काही वर्षांनी तिथे मातीचे ट्रक आले आणि भराव पडला. अण्णाही आता नाहीत.

पण मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. परतीच्या बसमध्ये तो चिकटलेला गठ्ठा अण्णांच्या मांडीवर, आणि त्यावर त्यांचे दोन्ही हात. घरी पोचलो तर आई दारातच उभी. आमचे चेहरे बघून तिला धसका बसला असावा.

"काय झालं हो? काय म्हणाले सर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णांनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाले, "नापास झालो. मी आणि ही, दोघं. दिवाळीपर्यंत पुन्हा बसायचंय." आणि ओलं धोतर पिळायला मोरीत गेले.