पंखे दुरुस्त करणारा

कारखान्यात त्याला सगळे घुम्या म्हणत. फौजेचे वायरलेस संच दुरुस्त करायच्या आतल्या खोलीत त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली, पण बाहेर येऊन कधी ब्र काढला नाही. बायको शेजारणींना सांगायची, "आमचे हे पंखे दुरुस्त करतात." तो नुसता हसायचा. खोलीचा पास गळ्यात अडकवताना मात्र त्याची मान ताठ व्हायची. बिचाऱ्याला मिरवायला दुसरं होतं काय!

थोरल्या भावाच्या दुकानासाठी त्यानं स्वतःच्या नावावर कर्ज काढलं. दुकान बुडालं आणि पाठोपाठ भाऊही गेला. हप्ते थकले, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. घुम्यानं घरात चकार शब्द काढला नाही. सगळं पोटात ठेवायची सवय इतकी अंगात मुरलेली, की कामाचं गुपित कुठलं आणि घरचं दुखणं कुठलं, हेच या बाबाला कळेना.

पासाच्या फेरतपासणीत साहेबांनी सरळच विचारलं, "कुणाचं देणं थकलंय का?"

"नाही साहेब."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बँकेकडून आम्हाला सगळं कळलंय हो. कर्ज कुणाला नसतं? आधी येऊन सांगितलं असतंत, तर काहीतरी मार्ग काढला असता. पण देणं लपवणाऱ्याला उद्या कुणीही पेचात पकडेल. आता तुम्हाला आत कसं बसवू?"

पास तिथंच काढून घेतला. घुम्याची रवानगी बाहेरच्या गोदामात, खोकी रचायला झाली.

घरी आल्यावर बायकोला त्याचा मोकळा गळा दिसला. मग त्यानं अडखळत सगळं सांगितलं. ती भांडी विसळायची थांबली.

"जाऊबाईंनी मला केव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. "शिवणाचे पैसे बाजूला टाकत आलेय मी. तुम्ही स्वतःहून बोलाल म्हणून वाट बघत होते."

घुम्याला रडू कोसळलं. जिच्याजवळ मन मोकळं करायचं, तिलाच त्यानं इतकी वर्षं परकं ठेवलं होतं. ती ओल्या हातांनीच त्याच्याजवळ येऊन बसली.

"आता तर पासही गेला. आता तरी सांगा, आत काय करायचात?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. बाहीनं डोळे पुसले.

"पंखे," तो म्हणाला. "पंखेच दुरुस्त करायचो गं."