तेरा-सहाचा मीटर

"पाच मिनिटं! मोजून पाच मिनिटं चाललं तुझं यूपीएस!"

"ताई, ओरडू नकोस. बॅटरी खराब निघाली असेल."

"चार महिन्यांत? तूच आणलीस, तूच जोडलीस. दोन तास बघायला नको, असं छाती ठोकून सांगणाराही तूच!"

आतल्या खोलीत ताईचे यजमान, भाऊजी, नाकाला प्राणवायूची नळी लावून बसले होते. सकाळी तारांच्या कामासाठी वीज बंद केली आणि पाच मिनिटांत त्यांचं प्राणवायूचं यंत्रही बंद पडलं. शेजारी सिलिंडर घेऊन धावत येईपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते. आता वीज आली होती, रंगही परतला होता.

"जरा मोठ्यानं भांडा," ते आतून म्हणाले, "अर्धं ऐकूच येत नाही."



ताईच्या या धाकट्या भावाला सगळे 'तेरा-सहा' म्हणत. सोळाव्या वर्षी ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळायला बसलेला हा माणूस गेली सव्वीस वर्षं यूपीएस दुरुस्त करत होता. बाहेरची वीज एकशेसाठ व्होल्ट असो की दोनशेसत्तर, बॅटरीला तेरा पूर्णांक सहाच मिळाले पाहिजेत, हा त्याचा धर्म. "बॅटरीला कोंबून भरवलं तर ती फुगते, अर्धपोटी ठेवली तर झिजून मरते," हे गिऱ्हाइकाला ऐकवल्याशिवाय तो उठत नसे. आणि मीटर लावल्याशिवाय चार्जरच्या स्क्रूला हात नाही.

त्यानं बॅटरीची तार सोडवली, चार्जरला मीटर लावला. "बघ. तेरा-सहा! माझ्यात खोट नाही."

"मामा, थांब." कॉलेजात हेच शिकणाऱ्या भाचीनं आपला नवा मीटर आणला. आकडा आला बारा-सात.

"तुझं खेळणं बिघडलंय."

घड्याळासाठी आणलेला कोरा सेल तिनं पाकिटातून काढला. तिच्या मीटरवर एक-सहा. त्याच्या मीटरवर एक-सात.

नवा सेल एक-सातवर जात नाही. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गेल्या वर्षी शिडीवरून पडून त्याच्या मीटरच्या काचेला तडा गेला होता, म्हणून कोपऱ्यावर चिकटपट्टी होती. भाचीनं ती नखानं सोलली. खाली बॅटरीचं इवलंसं चित्र लुकलुकत होतं. मीटरच्या पोटातली बॅटरी संपत आली होती. म्हणून तो प्रत्येक आकडा फुगवून सांगत होता, आणि तेरा-सहा समजून यानं चार्जर बारा-सातवर ठेवले होते.

जगाच्या बॅटऱ्या तपासत फिरला, खिशातली तेवढी राहिली.

"म्हणजे ही अर्धपोटीच होती," ताई हळूच म्हणाली. आवाजातला राग कुठे गेला, तिलाही कळलं नाही. "चार महिन्यांत आणखी कुणाकडे बसवलीस रे?"

"दातांचा डॉक्टर... रक्त तपासणारे, त्यांचा फ्रिज..." तो बोटांवर मोजत होता. तिसऱ्या बोटावर थांबला. "पलीकडच्या गल्लीतल्या बाई."

"त्या शिक्षिका? एकट्या राहतात त्या?"

"त्यांनाही हेच यंत्र आहे."

भाचीनं दचकून मोबाइलवर वेळ पाहिली. "मामा, तारांचं काम दुपारी तिकडे आहे. दोन वाजता वीज जाणार. पावणेदोन झालेत."

ताईनं त्याचा दंड धरला. "त्यांच्याकडे सिलिंडर तरी आहे का रे?"

त्यानं दंड सोडवला, शेजाऱ्यांचा सिलिंडर खांद्यावर घेतला, भाचीच्या हातातला मीटर घेतला आणि चपला न घालताच जिना उतरू लागला.