पप्पांची सैल वेणी

"इंग्लिश मिडियमला घातली, आणि इथे बघा, तोंडात मिठाची गुळणी," आत्या शेजारच्या बाईंना म्हणाली. हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं.

आत्याचं चूक नव्हतं. उल्हासनगरच्या त्या धर्मादाय केंद्रात मला आणलं होतं तेच मुळी बोलण्यासाठी. कृत्रिम हात बसवणारे तंत्रज्ञ दक्षिणेकडचे. ते इंग्रजीत सांगायचे आणि मी पप्पांना मराठीत, खाली बघून.

पप्पांचा उजवा हात अंबरनाथच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसखाली गेला होता, मनगटाच्या वरपर्यंत. केंद्राकडे बॅटरीवर चालणारा एकच हात आला होता. मूठ आवळायचं मनात आणलं की मेंदूचा हुकूम उरलेल्या स्नायूत पोचतो, तिथे चिकटवलेल्या पट्ट्या तो ओळखतात, दिवा लागतो आणि टेबलावरच्या यंत्राची बोटं मिटतात. पप्पांची ही तिसरी, शेवटची खेप होती. आज जमलं नाही तर तो हात पुढच्या माणसाला जाणार होता, आणि पप्पांना नुसता दिसायला रबरी.

"मूठ आवळा," मी पुटपुटले. दिवा लागेना.

"हात आहे गं तिथे, जाणवतो मला," पप्पा म्हणाले. "पण मिटतच नाय."

माझं लक्ष टेबलाखाली गेलं. दर वेळी त्यांचा पाय जमिनीवर दाबला जायचा आणि खांदा मागे सरायचा. वीस वर्षं प्रेसवर हेच अंगात मुरलं होतं: हात बाहेर, मगच पेडलवर पाय.

"दादा, माझी मानगूट पकडतोयस असं समज," आत्या म्हणाली. "लहानपणी बरं जमायचं!"

सगळे हसले, पप्पासुद्धा. दिवा तसाच.

आईची कामावर सकाळची पाळी असायची, म्हणून शाळेत जाताना माझी वेणी पप्पाच घालायचे. मला दुखू नये म्हणून सैल. दुसऱ्या तासापर्यंत ती सुटायची. मी शाळेच्या बाथरूममध्ये पुन्हा घालायचे. घरी कधीच सांगितलं नाही.

मी उठले. स्टूल ओढून पप्पांकडे पाठ करून बसले आणि वेणी यंत्राच्या त्या उघड्या पंजात ठेवली. वेळ संपली होती, तरी तंत्रज्ञ थांबले. त्यांचे ते उपकार मी विसरलेले नाही. मागून पप्पांचा श्वास ऐकू आला. रिबिन दातांत धरली की असायचा तसाच.

बारीक घरघर झाली. माझी मान किंचित मागे ओढली गेली.

"लागला! दिवा लागला!" आत्या ओरडली.

पण बोटं लगेच ढिली पडली. मला दुखेल म्हणून, दुसरं काय.

मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "पप्पा, घट्ट धरा. सैल वेणी सुटते माझी."