हुकमाची तिर्री

नेव्हिओनं चौतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि रिटायर झाल्यावरही ती बस काही त्याच्या अंगातून गेली नाही. वळण आलं की हॉर्न, उतार लागला की दुसरा गिअर, आणि काटा चाळिशीपुढे सरकेल तर शप्पथ! त्या गुरुवारी बेकरीवाली आर्जिया आणि तिचा भाऊ तुल्लिओ त्याच्या जुन्या गाडीत बसले, तेव्हाच समुद्रापर्यंतच्या सत्तर किलोमीटरांत आज दुपार होणार, हे त्यांनी ओळखलं.

"अरे, ट्रॅक्टरसुद्धा पुढे गेला आपल्या," मागून तुल्लिओ ओरडला.

"जाऊ दे. त्याला घाई असेल."

"आणि हा ससा गार होतोय त्याचं काय?" रानबडीशेप भरून भाजलेल्या सशाचं भांडं आर्जियानं टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. "माझं लग्नसुद्धा याहून लवकर उरकलं होतं बाई!"

नेव्हिओ हसला, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. चाळीस वर्षं दर गुरुवारी गावच्या बारमध्ये या चौघांचा ब्रिस्कोला हा पत्त्यांचा डाव रंगायचा. एकीकडे हे बहीणभाऊ, दुसरीकडे तो आणि त्याचा भिडू सांते. हिवाळ्यात सांतेला अर्धांगाचा झटका आला आणि मुलगी लोरेत्ता त्याला समुद्राकाठी आपल्या घरी घेऊन गेली. तेव्हापासून तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. "डॉक्टर म्हणतात बोलता येईल, बाबाच बोलत नाहीत," असं ती फोनवर रडत म्हणाली होती. आज सांते खेळला नाही, तर चौकडी मोडली. दुसरा भिडू नेव्हिओला नकोच होता.

या खेळात हातात काय आहे ते भिडूला बोलून सांगायचं नाही, चेहऱ्यानं खुशाल सांगा. हुकमाचा एक्का असेल तर ओठांचा चंबू, राजा असेल तर डोळे वर, तिर्री असेल तर तोंड एका बाजूला वाकडं. इथे तिर्री एक्क्याच्या खालोखाल मोठी, राजालाही मारणारी. फक्त समोरच्यांना दिसता कामा नये.

लोरेत्ताच्या अंगणात सांते अंजिराच्या झाडाखाली बसला होता. त्याचं तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. आर्जिया लगेच ससा गरम करायच्या मागे लागली, तुल्लिओ समुद्र बघत बसला. चेहऱ्याकडे कुणी बघेना, आणि सांतेला ते कळत होतं.

नेव्हिओनं पत्ते वाटले. सांतेनं चांगल्या हातानं आपली पानं पावाच्या टोपलीमागे उभी केली, तीही मन नसल्यासारखी. नेव्हिओनं सवयीनं भिडूचा चेहरा पाहिला. तिर्री! त्यानं बिनधास्त एक साधा एक्का उतरवला. आर्जियानं तो हुकमाच्या राजानं मारला. मग सांतेनं टाकलं एक फालतू पान.

"तिर्री कुठंय?" नेव्हिओ भडकला. "गाढवा, आल्यापासून तिर्री तिर्री सांगतोयस आणि हातात काही नाही? चाळीस वर्षांत असं खोटं बोलला नव्हतास!"

ससा वाढणाऱ्या लोरेत्ताचा हात तसाच थांबला. तुल्लिओनं मान खाली घातली. सांते टक लावून बघत राहिला. मग त्याचे खांदे हलले, पोट हललं, आणि हसता हसता तोंड आणखीच वाकडं झालं.

"घ्या! आता दोन तिर्र्या आहेत म्हणतोय," नेव्हिओ म्हणाला, आणि आर्जियाच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत सगळे हसले.

त्यानंतर सांते ताठ बसून खेळला. शेवटच्या हाताला तुल्लिओ बहिणीला म्हणाला, "त्याच्या तोंडावर जाऊ नकोस, ते कायमचंच तसं आहे." आणि दणक्यात बिनहुकमाचा एक्का टाकला. सांतेनं टोपलीमागचं उरलेलं पान सावकाश पुढे सरकवलं. हुकमाची तिर्री!

"ही लबाडी आहे!" तुल्लिओ ओरडला.

"कसली लबाडी? दुपारपासून सांगतोय की तो तुम्हाला!" नेव्हिओनं टेबलावर थाप मारली.

निघताना सांतेनं गाडीची खिडकी धरली. जीभ जड होती, शब्द ओढून आणावा लागत होता.

"गुरुवारी..."

लोरेत्ता दारातच थबकली.

"येतो की रे," नेव्हिओ कसाबसा म्हणाला.

सांतेनं मान हलवली. त्याचं अजून संपलं नव्हतं.

"पहाटेच... नीघ."