पप्पांचे पाठीमागे धरलेले हात

माझे वडील गेले तेव्हा माझा भाऊ स्वतःच्या हाताने जेवत होता.

तेराव्याला जेवत नव्हता.

आज वर्ष झालं. माझ्या भावाबद्दल, निखिलबद्दल, फोन करून विचारणाऱ्यांसाठी एकदाच लिहिते.

निखिल ऑटिस्टिक आहे. वय एकतीस. बोलतो कमी, तेही ठरलेले शब्द. आई आमच्या लहानपणीच गेली. नंतर त्याचं सगळं पप्पांनी केलं. शहाद्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आणि घरी निखिल.

नाशिकच्या थेरपिस्ट मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, "तुम्ही मदत फार करता. जरा थांबत जा."

पप्पांना थांबणं जमायचं नाही. हात आपोआप पुढे जायचे.
म्हणून ते पाठीमागे घ्यायचे. एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरून उभे राहायचे.

निखिल शर्टाची बटणं लावतोय. पप्पा, हात मागे.
निखिल भाकरी मोडतोय, अर्धी डाळ ताटाबाहेर. पप्पा, हात मागे.

मोठे काका-काकू शेजारच्याच घरात राहतात. काकू ओट्यावरून म्हणायची, "भाऊजी, कितलं कठीण काळीज शे तुमनं. भरावा ना दोन घास त्याले."

"मी भरावसू, वहिनी. मन्हा नंतर कोन भरावी?"

काकू रागाने आत जायची.

पप्पा दुकानातच गेले. हार्ट. मी पुण्याहून पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते.

आमच्याकडे अंत्यसंस्कारानंतर कडू घास असतो. घरात चूल पेटत नाही. भावकी जेवण आणते आणि घरच्यांना पहिला घास आपल्या हाताने भरवते, कारण त्या दिवशी घरच्यांचा हात ताटाकडे जात नाही.

मला भरवला. मी खाल्ला.
निखिललाही भरवला.

माझ्यासाठी तो एक घास होता. त्याच्यासाठी ती नवी पद्धत झाली.

दुसऱ्या दिवशीही कोणीतरी भरवलं. मग जी बाई भेटायला येईल ती. "बिचारा, बाप गया त्याना." आंघोळ घातली, बटणं लावली, तोंड पुसलं.

कोणी वाईट वागलं नाही. सगळ्यांनी मायाच केली. हे वाक्य मी विचार करून लिहिते आहे.

तेराव्याला ताट समोर ठेवलं. निखिल हात मांडीवर ठेवून बसला. तोंड उघडलं. आणि वाट पाहत राहिला.

मोठ्या काकांनी ते पाहिलं.

"दीपा, तो आते स्वता जेवस भी नही. तू नोकरीले जाशी. नाशिकले एक होस्टेल शे, चांगलं शे. तठे ठेवूत त्याले."

"एक महिना द्या, काका."

"महिनामा काय व्हई?"

"माहीत नाही."

ऑफिसकडून वर्क फ्रॉम होम घेतलं. ताट ठेवायचं, भाकरीचा तुकडा त्याच्या हातात द्यायचा, आपले हात मागे घ्यायचे. पहिल्या दिवशी तो न जेवता उठला. ओरडला, स्वतःचं मनगट चावलं. दूध दिलं. ग्लास धरणं तेवढं शाबूत होतं.

काकू दारात उभी होती. "तू भी बापवरच गयी," म्हणाली आणि डोळे पुसत परत गेली.

महिना पुरला नाही. पण तो संपता संपता निखिलने एक तुकडा स्वतः तोंडात घातला. काकांनी होस्टेलचा विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही.

पुढे मला ऑफिससाठी अधूनमधून पुण्याला जावं लागलं. तेव्हा निखिलजवळ काकू बसली. काय करायचं ते मी सांगितलं नव्हतं. ती बघत होतीच.

आज वर्षश्राद्धाची पंगत बसली. नवापूरहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी निखिलचा वरणभात कालवायला त्याच्या ताटात हात घातला.

काकू वाढता वाढता थांबली.

"हात मांगे ल्या, बाई. त्याले टाईम लागस."

"कितला टाईम?"

"लागस तितला."

पंगत उठली. निखिल बसलेला. अर्धा भात सतरंजीवर. दुसऱ्या पंगतीची माणसं उभी होती. काकू त्याच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. दोन्ही हात मागे, पदराखाली.

कोणी त्याला उठवलं नाही.

पप्पा, आज तुमच्या फोटोपुढे हात जोडले.
मग परत मागे घेतले.

निखिलचं जेवण चालू होतं.