मामाचा बोकड

माझ्या मेव्हण्याच्या ढाब्यावर मटण केव्हाही मिळायचं, पण मुंडी कधीच मिळायची नाही. संशयाला सुरुवात तिथून झाली.

मेव्हणा म्हणजे बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. हदगावच्या पुढे, किनवटच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा ढाबा आहे. माझा स्वतःचा इकडे लातूर रस्त्याला वजनकाटा आहे. सोयाबीनच्या, उसाच्या गाड्या तोलायच्या, भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची, हे माझं काम. त्यामुळे आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, याचा मेळ लागल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ढाब्यावर मेळ लागत नव्हता. बोकड कापला की मुंडी निघते, पाय निघतात, काळीज, वजडी, रक्ती निघते. या गोष्टी खाणारे लोक ठरलेले असतात आणि ते सकाळीच हजर होतात. इथं पातेली भरभरून मटण खपत होतं, पण मागच्या बाजूला बांधलेला बोकड नव्हता, लेंडी नव्हती, वाळत घातलेलं कातडं नव्हतं. ताटातलं मटणही मला ओळखीचं वाटलं नाही. रंगानं गडद, चरबीचा पत्ता नाही, आणि नळी माझ्या वितीपेक्षा लांब. इतक्या उंच पायांचा बोकड मी तरी बाजारात पाहिलेला नाही.

शेजारच्या बाजेवरच्या गिऱ्हाईकानं विचारलं, "मालक, आज साधं हाय का जंगलातलं?"

"आपल्याकडं समदं गावरानच असतंय," मेव्हणा म्हणाला, आणि दोघंही हसले.

मी जेवण अर्ध्यावर ठेवलं. मेव्हणा म्हणाला, "काय दाजी, तिखट झालं का?"

पुढे त्या भागातून कापूस घेऊन आलेल्या एका ट्रकवाल्याला काट्यावर चहा पाजून मी विषय काढला. तो सहज बोलून गेला. पूर्वी गावात एखादं रानडुक्कर मारलं तर आळीत वाटे व्हायचे आणि विषय संपायचा. आता फोनवर ऑर्डर येते. जंगलाच्या कडेनं तारेचे फास लावतात, पहाटे जीप फिरते. चितळ, भेकर, रोही, डुक्कर, फासात जे सापडेल ते तिथंच सोलायचं, डोकं-खूर तिथंच पुरायचे आणि नुसतं मांस बर्फात घालून ढाब्यांना पोचवायचं. शिजल्यावर सगळ्याला नाव एकच, बोकड.

"आणि जंगलात काय उरलं?" मी विचारलं.

"मोर वरडतेत की," तो म्हणाला. "बाकी काय दिसंना झालंय."

घरी मी हे बायकोच्या कानावर घातलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "तुम्हाला माझ्या माहेरचं पाणीसुद्धा मोजून प्यायची सवय आहे."

मी वनखात्याला कळवलं नाही. कळवायला माझ्याकडे होतं काय? एक न दिसलेली मुंडी.

त्याच वर्षी कंदुरी आली. मुलाचा पाय मोटारसायकलवरून पडून मोडला होता, तेव्हा बायकोनं किल्लारीजवळच्या आमच्या गावच्या दर्ग्याला नवस बोलला होता. मुलगा नीट चालायला लागला, म्हणून नवस फेडायचा ठरला. आमच्याकडे कंदुरीची रीत अशी, की बोकड स्वतःच्या पायानं दर्ग्यापर्यंत चालत येतो. त्याला न्हाऊ घालून हार घालतात, दर्ग्याला फिरवतात, मग मुलाणी सुरी फिरवतो. तिथं कापलेलंच तिथं शिजतं आणि सगळं गाव एका पंगतीत जेवतं. दोन बोकड मी घेतले होते. नवस मुलासाठी, म्हणून तिसरा बोकड मामाचा, असं बायकोनं ठरवलं आणि मेव्हण्यानं ते आनंदानं कबूल केलं.

सकाळी त्याची जीप आली. खाली उतरले ते थर्माकोलचे दोन मोठे डबे, चिकटपट्टी लावून बंद केलेले.

"बोकड कुठाय?" मी विचारलं.

"ह्यात की, दाजी. एकाऐवजी दोन हायत. तिकडूनच कापून, साफ करून आणलं. तुमच्या मुलाणीचाचांना तेवढाच कमी ताप."

हदगावहून किल्लारी म्हणजे चार-पाच तासांचा रस्ता. वाटेत बकऱ्यांचे बाजार सोडून कापलेलं मटण बर्फात घालून कोण आणतं? मी एका डब्याची पट्टी काढली. तेच गडद मांस, तेवढीच लांब नळी.

"मुंडी कुठाय?"

"मुंडी काय करता? पाहुण्यांना बोट्या पाहिजेत."

"दोन बोकडांच्या दोन मुंड्या, आठ पाय. एकपण कसा न्हाई?"

"दाजी, मटणाला काय आधार कार्ड असतंय का?" त्यानं आजूबाजूला पाहिलं. चुलीजवळचे दोघं-तिघं हसले. मग तो माझ्याजवळ सरकून हळू बोलला, "अहो, रोही-डुकरं पिकं खाऊन राहिली लोकांची. शेतकरीच बोलावतात आम्हाला. कुणाचं काय बिघडतंय?"

यातलं पिकांचं खोटं नाही. माझ्याच चुलतभावाचा हरभरा रात्रीत साफ झालेला मी पाहिला आहे. पण त्यानं "आम्हाला" म्हटलं, ते मी ऐकलं. मी तर डुकराचं नावही काढलं नव्हतं.

दर्ग्याच्या ओट्यावर मुलाणीचाचा सुरीला धार लावत बसले होते. माझ्या वडिलांपासून आमच्या घरचा प्रत्येक बोकड त्यांच्याच हातचा. थोड्या वेळानं ते आणि त्यांची माणसं आमच्या पंगतीला बसणार होती, आमच्या शब्दावर विश्वास ठेवून. डब्यात हरीण आहे, रोही आहे की डुक्कर, मला माहीत नव्हतं. ते डेगीत पडलं असतं तर पुन्हा वेगळं काढता आलं नसतं.

मी मेव्हण्याला म्हणालो, "दर्ग्याच्या उंबऱ्यावर हात ठेव आणि म्हण, हे बोकडाचं हाय. मी स्वतः डेगीत टाकतो."

आमच्या गावात या उंबऱ्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. बांधाची भांडणंसुद्धा तिथं मिटतात. मेव्हणा उंबऱ्याकडे पाहत राहिला. मग बहिणीकडे पाहिलं. ती पदर खोचून रस्सा दाट करायला येसूर कालवत होती, तिचा हात थांबला होता.

"माझ्यावर एवढाबी भरोसा न्हाई?" तो म्हणाला.

"हात ठेव ना रे," बायको म्हणाली. "एकदा ठेव, म्हणजे यांचं तोंड बंद होतंय."

त्यानं हात ठेवला नाही. एका पोऱ्याला हाक मारून दोन्ही डबे जीपमध्ये चढवले आणि न जेवता निघून गेला. चाचांनी विचारलं, "भाऊ, मामा का गेले?" मी म्हणालो, "ढाब्यावर काम निघालं." सुरी पुसून त्यांनी पहिला बोकड जवळ घ्यायला सांगितलं.

दोन बोकडांत सगळं गाव जेवलं. बायकोनं येसूर वाढवून रस्सा वाढवला. एका म्हाताऱ्यानं वाटीत बोट फिरवून विचारलं, "बोकड पोहून गेलं का ह्यातनं?" पंगत हसली. बायको नाही हसली. परत येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. "भाऊ उपाशी गेला माझा."

कित्येक महिने भाऊ आला नाही. राखी तिनं पोस्टानं पाठवली. मुंडीचा विषय घरात निघत नव्हता आणि मीही काढला नाही. माझा अंदाज चूक होता, असं मात्र मला एकदाही वाटलं नाही.

मग पुढच्या आखाडात एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर त्याच्याकडून पिशवी आली. आत मटण, आणि वर सगळ्यांना दिसेल अशी मुंडी आणि चार पाय. बायकोनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मुंडी आली म्हणजे मटण त्याच बोकडाचं, असं कुठं आहे, हे मी मनातच ठेवलं.

तिनं मटण परातीत ओतलं. बराच वेळ ती हातानं बोट्या चाळत राहिली. मग एक नळी उचलली आणि बोकडाच्या पायाशेजारी ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी ठेवायला उचलली आणि तशीच परत परातीत टाकली.

तिनं हात धुतले, फोन लावला. पलीकडून भाऊ काहीतरी भरभर बोलत होता. तिनं त्याला बोलू दिलं.

"हे बघ," मग ती म्हणाली, "बोकड आणायचा तर जिता आण. दावं धरून माझ्या दारात चालत आला पाहिजे. न्हाई जमत, तर हात हलवत ये. पण ये."

फोन ठेवून ती परात घेऊन परसात गेली. मी कुदळ घेऊन तिच्या मागे गेलो.