रोझाबाईंसाठी काय सोडायचं?

निरोप आला तेव्हा मी चौथीच्या मुलींना निबंध सांगत होते. शाळेची आया दारातच थांबली. "रोझाबाई गेल्या," एवढंच म्हणाली, आणि वर्गातल्या ख्रिस्ती मुलींनी भराभर क्रॉसची खूण केली. मी सीताबर्डीवरच्या एका कापडवाल्याची मुलगी, हिंदू. याच शाळेत शिकले आणि आता इथंच मराठी शिकवते. मला कसली खूण करायची ते सुचलं नाही, हातातला खडू तसाच राहिला. आदल्याच दिवशी मी त्यांना भेटून आले होते. तापानं डोळे लाल झालेले, पण बोलणं नेहमीचंच. "कमल, माह्यासाठी काय सोडसान वं तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी बऱ्या व्हा, मग बघू. "बऱ्या-बिऱ्याचं राहू दे. सांग ना... मी तर गातच नाही."

हा प्रश्न काय होता ते कळायला आमच्या शाळेतली एक रीत सांगायला हवी. रोझाबाई शाळेच्या चॅपलमध्ये पायपेटी वाजवायच्या आणि मुलींना प्रार्थनागीतं शिकवायच्या. नोव्हेंबरात मृतांचा स्मरणदिन येतो. त्या दिवशीच्या गीताची एकेक ओळ एकेक मुलगी एकटीनं म्हणते, प्रत्येक कडव्याआधीचं ध्रुवपद सगळ्या मिळून. गाणाऱ्यांपैकी कोणी वारली असेल तर त्या वर्षी तिची ओळ कोणी म्हणायची नाही. ती ओळ आली की सगळ्यांनी गप्प राहायचं. बाई पट्ट्यांवरून हात उचलायच्या, पाय मात्र चालूच ठेवायच्या, त्यामुळे तेवढा वेळ चॅपलमध्ये नुसता भात्याचा वर-खाली आवाज येत राहायचा. मग गाणं पुढे. पुढच्या वर्षी ती ओळ दुसऱ्या मुलीला द्यायची. फादरांच्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. बाईंनीच ते केव्हातरी सुरू केलं होतं आणि मोडायची हिंमत कोणी केली नाही. आमच्याकडे पिंड ठेवल्यावर कावळा शिवेपर्यंत मोठमोठी माणसं कशी तोंड मिटून उभी राहतात, तसं मला त्या वेळी वाटायचं.

मी शाळकरी असताना माझ्या बाकावरची अ‍ॅग्नेस तापानं गेली. गोड गळ्याची, पण ओळ उचलायला नेहमी जरा उशीर करायची. बाई तिच्यावर चिडायच्या, "काहून वं, झोपून राहिली का तू?" ती गेल्यावरच्या नोव्हेंबरात तिची ओळ आली. बाईंनी हात उचलले. भर सकाळ, खिडक्यांतून ऊन आत आलेलं, भाता हलतोय... आणि थोडा उशीर करून अ‍ॅग्नेसनं ओळ उचलली. मी ऐकली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही असंच म्हणेन, फक्त जरा हळू आवाजात म्हणेन. नंतर घाबरत घाबरत बाईंना सांगितलं, तर त्या पेटीवरची धूळ पुसत म्हणाल्या, "उशिराच आली ना? मंग तेच होती." पुसणं काही थांबलं नाही. पुढच्या वर्षी तीच ओळ त्यांनी मला दिली. दोन ख्रिस्ती मुली रुसल्या, घरी माझ्या काकूंनी कपाळाला हात लावला. बाईंनी मला एवढंच बजावलं, "तिची ओळ तुले देऊन राहिली. तिच्या आधी सुरू करू नको." शाळा सुटेपर्यंत ती ओळ मी दरवर्षी जराशी थांबूनच म्हटली.

बाई स्वतः कधी गायल्या नाहीत. लहानपणी देवी आल्या, त्यात त्यांचा आवाज बसला तो कायमचा. एका नाकपुडीवरही व्रण राहिला होता, त्यामुळे श्वास ओढला की बारीक शिट्टी वाजे. प्रत्येक कडव्याआधी त्या असा एक लांब श्वास घ्यायच्या, आणि तीच आमची खूण. हात नाही, मान नाही, तो शिट्टीचा श्वास आला की सगळ्या मुली एकदम सुरू. बाहेरून आलेल्या पाहुण्या तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्ही हसलो नाही, कारण त्या श्वासाशिवाय आम्हांला गाताच येत नसे.

खापाकडच्या कुठल्याशा गावातून मोठ्या दुष्काळात त्यांना मिशननं उचलून आणलं होतं. आईबापांची नावं त्यांना ठाऊक नव्हती. रोझा हे नावही इथंच मिळालेलं. स्मरणदिनाला सगळे आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायचे, तेव्हा त्या एक मेणबत्ती घेऊन कब्रस्तानाच्या भिंतीशी उभ्या राहायच्या आणि ती हातातच जळू द्यायच्या. एकदा मी जवळ गेले तर म्हणाल्या, "माह्या मायची जागा कुठं आहे, मले काय माहीत? अन् माही तरी कोण धरून ठेवन?" दुसऱ्यांच्या मेलेल्या पोरींची जागा राखण्यात त्या बाईचा जन्म गेला होता. शेवटच्या तापात त्यांना मरणाची भीती नव्हती. भीती होती ती आपल्यासाठी कोणी काहीच मोकळं ठेवणार नाही याची.

त्या गेल्या आणि नोव्हेंबर तोंडावर आला. गाण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेच्या प्रमुख मदरकडे गेले. आमच्या मदर फ्रान्सच्या, मनानं चांगल्या, पण रीत म्हणजे रीत. "लेकिन वो तो गाती नहीं थी, टीचर," त्या म्हणाल्या. बाईंसाठी मिस्सा होईल, प्रार्थना होईल, मग आणखी काय हवं? मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, त्या गात नव्हत्या, पण खूण त्यांची होती. त्या दिवशी पायपेटी बंद ठेवू, स्टूल रिकामं ठेवू, आणि खूण कोणीच करायची नाही. मदरनी अखेर होकार दिला.

तालमीत मात्र फजितीच झाली. खूण नाही म्हटल्यावर एक मुलगी आधी सुरू करी, दुसरी मागून, तिसरी घाबरून गप्प. धाकट्या खिदळायच्या. दर वेळी तेच. मला रात्री झोप लागेना. बाईंना मिळालेली एकुलती एक जागा सगळ्या शाळेपुढे हसण्यावारी जाणार, आणि ती माझ्या हट्टापायी, असं वाटत राहायचं.

स्मरणदिनाच्या सकाळी चॅपल भरलं. मी मुलींच्या समोर, हात मागे बांधून उभी राहिले, चुकूनही खूण व्हायला नको म्हणून. पेटीचं झाकण लावलेलं, स्टुलावर कोणी नाही. शांतता झाली. मुली माझ्याकडे बघेनात, पेटीकडे बघू लागल्या... आणि एकदम, एका तोंडानं सुरू झाल्या. पहिल्या कडव्याला, दुसऱ्या, तिसऱ्याही. एकीचाही सूर मागेपुढे झाला नाही. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही.

बाहेर आल्यावर मदरनी मला बाजूला घेतलं. चेहरा नाराज होता. "टीचर, तय हुआ था, कोई इशारा नहीं करेगा. फिर आपने साँस क्यों ली? वैसी... उनके जैसी?"

मी घेतली नव्हती. पहिल्या रांगेतल्या ल्युसीला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्हीच तं घेतला ना, बाई? शिट्टीचा. पण तुम्ही समोर होत्या, अन् तो पेटीकून आला." बाकीच्या मुलींनी माना हलवल्या. सगळ्यांनी ऐकला होता. मला मात्र काहीही ऐकू आलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, ते लपवत नाही. खूण होऊ नये म्हणून मी माझाच श्वास कोंडून उभी होते, कानात नुसती माझ्या छातीची धडधड.

पायपेटी वाजवायला जबलपूरहून नव्या बाई यायच्या आहेत. त्यांना काय सांगायचं ते माझं ठरलेलं आहे : रोझाबाईंच्या आधी सुरू करू नका. तोवर पेटी बंद आहे. मधल्या सुट्टीत, मुली डबे खात असतात तेव्हा, मी चॅपलमध्ये जाऊन स्टुलाजवळच्या बाकावर बसते. आता श्वास कोंडत नाही. सावकाश सोडते, आणि पुढचा घ्यायच्या आधी जरा थांबते.